ताइस्तो आडवा होत नाही

माझा धाकटा भाऊ ताइस्तो दिवसा कधी आडवा होत नाही. रात्री होतो, कारण रात्री सगळं गावच आडवं होतं आणि त्याला चारचौघांत वेगळं दिसायला आवडत नाही. पण दिवसाउजेडी त्याला पलंगावर पाहिलेला माणूस आमच्या तळ्याकाठी शोधून सापडायचा नाही. एकदा छपरावरचं बर्फ ढकलताना हा खाली आला आणि त्याची बरगडी मोडली. तेव्हाही दवाखान्यातून घरी येऊन खुर्चीवर ताठ बसून राहिला, पाठसुद्धा टेकली नाही. मी उशी पुढे केली तर म्हणाला, "हेल्वी, मी काय बाळंतीण आहे का?"

नोकरी होती रस्त्यावरचं बर्फ काढणाऱ्या गाडीवर. लोक उठायच्या आत रस्ते मोकळे करायचे, म्हणजे उठायचं मध्यरात्रीनंतर कधीतरी. लग्न केलं नाही. करणार कधी, बायका जाग्या असायच्या तेव्हा हा गाडीखाली शिरून वंगण घालत असायचा. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी फुलं दिली, केक कापला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे या गृहस्थाने आपल्या अंगणातलं बर्फ काढून शेजाऱ्याच्या अंगणातलंही काढलं. शेजारी रेयो अजून अंथरुणात होता. तो मला म्हणाला, "तुझ्या भावाला काहीतरी काम दे, नाहीतर हा माझं घर उचलून दुसरीकडे ठेवेल."

काम त्याने स्वतःच शोधलं. तळं गोठलं की रोज सकाळी अंधारातच स्की घालून तो आपल्या काठावरून निघायचा आणि तळं ओलांडून माझ्याकडे यायचा. उन्हाळ्यात तेच अंतर होडीने. नवरा गेल्यापासून मी एकटीच असते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर नुसता काळोख, आणि त्या काळोखात त्याच्या कपाळावरचा दिवा दिसला की मी कॉफी ठेवायची. तो यायचा, टोपीसुद्धा न काढता उभ्याने कॉफी प्यायचा, एक वेलदोड्याचा गोड पाव खायचा आणि परत फिरायचा. बोलणं फारसं नाही. "वारा आहे." "आहे खरा." झाली आमची भेट.

वादळ असो, नाताळ असो, हा येणारच. गावाला त्याचं फार कौतुक. दुकानात बायका म्हणायच्या, ताइस्तोचा दिवा गेला की आम्ही पोरांना उठवतो. रेयो म्हणायचा, "हा थांबला तर मी अंडी उकडायला कधी ठेवू?" लोकांनी कौतुक करून करून त्याच्या पायात बेडी घातली, असं मला वाटतं. पण खरी बेडी जुनी होती, आणि ती फक्त मलाच ठाऊक होती.

आमचे वडील लाकूडतोडे होते. जंगलातून आले की जेवायचे, मग अंधार पडेपर्यंत घरची कामं. दिवसा झोपणं म्हणजे आमच्याकडे लाजच. चुलीजवळच्या बाकावर दिवसा फक्त मांजर झोपायचं, आणि आई त्यालाही हाकलायची. एका थंडीत वडील दुपारीच घरी आले, बूट न काढता त्या बाकावर आडवे झाले आणि म्हणाले, "जरा पडतो." आई पिठाच्या हातांनी तशीच उभी राहिली. ताइस्तो तेव्हा शाळेत नुकता जायला लागला होता. तो बाकाशी बसून त्यांचा हात ओढत होता, उठा म्हणत होता. उजेड गेला, दिवा लावला, तेव्हा ते गेलेले होते. त्यांना काय झालं होतं ते आज कुठलाही डॉक्टर सांगेल. पण पोराच्या डोक्यात एकच बसलं, की माणूस आडवा झाला म्हणून मेला. पुढे तो साठीला आला, शहाणा झाला, माझ्यापेक्षा जास्त वर्तमानपत्रं वाचायला लागला, तरी ते डोक्यातून गेलं नाही. आम्ही त्याबद्दल कधी बोललोही नाही. आमच्याकडे अशा गोष्टी बोलत नाहीत.

यंदा फेब्रुवारीत गावात फ्लू आला. आधी शाळेत, मग दुकानात, मग ताइस्तोच्या घरी. त्याने काय करावं? सौना, म्हणजे घरामागची वाफेची न्हाणी, तापवला, सगळ्यांत वरच्या फळीवर बसून लाल होईपर्यंत घाम काढला, आणि सकाळी स्की घालून माझ्या दारात हजर. खोकला असा की कपातली कॉफी हिंदकळत होती.

"ताप आहे तुला," मी म्हटलं.

"घामाबरोबर गेला."

"मग हा काय आहे?" मी त्याच्या कपाळाला हात लावायला गेले तर तो मागे सरला. मीही हट्टी आहे, आमच्या घरातलीच आहे. त्याला गाडीत घातलं आणि थेट आरोग्यकेंद्रात नेलं. तिथली नर्स मार्केत्ता मोठी खमकी बाई. तिने त्याला टेबलावर निजायला सांगितलं. तो म्हणाला, बसून नाही का होणार? ती म्हणाली, नाही होणार. तो आडवा झाला खरा, पण दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून, डोळे छताला लावून. छातीला तारा लावून तिने कागद काढला, पलीकडे डॉक्टरला दाखवून आली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"ताइस्तो, हे सर्दीखोकल्याचं नाही राहिलं आता. फ्लू कधीकधी हृदयाला धरतो. तुझे ठोके जसे पडताहेत ते मला आवडले नाहीत, डॉक्टरलाही नाहीत. स्की बंद. फावडं बंद. सौना बंद. मी पुन्हा कागद काढून हो म्हणेपर्यंत घरात पडून राहायचं."

"पडून म्हणजे?"

"पडून म्हणजे पडून. मॅरेथॉन धावणारी जवान पोरं तापात धावतात आणि वाटेत कोसळतात. तू काही जवान नाहीस."

"हळूहळू गेलं तर?"

मार्केत्ताने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? घरी येताना गाडीत तो एकच वाक्य बोलला. "बाईने फार मनावर घेतलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत उभी राहिले ती दिवा दिसू नये असं म्हणत. आयुष्यात पहिल्यांदाच. आणि दिवा दिसला. नेहमी सरळ येणारा तो दिवा मध्येच थांबत होता, पुन्हा चालू लागत होता. तो दारात आला तेव्हा चेहरा राखेसारखा होता, ओठ निळसर, आणि त्याने चौकटीला धरलं होतं. आमच्या ताइस्तोने कशाला धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग मी जे काय बोलले ते इथे सगळं लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "उद्या स्की घालून आलास तर दार उघडणार नाही. बाहेर बर्फात मर, पण मला बघायला लावू नकोस." त्याने कॉफी न पिता कप ठेवला. मी म्हटलं, गाडीने सोडते. तो म्हणाला, "आलो तसा जाईन," आणि गेला. मी दिवा पलीकडे पोचेपर्यंत खिडकीत उभी होते. मध्यावर तो दिवा खाली गेला, बर्फाजवळ, आणि तिथेच राहिला. मी कोट चढवून दारापर्यंत पोचले तोवर तो पुन्हा उठला होता आणि हळूहळू पुढे सरकत होता. त्या दिवशी मी दोनदा फोन केला. दोन्हीदा तो म्हणाला, "ठीक आहे," आणि ठेवून दिला. रात्रभर बर्फ पडत राहिलं.

त्यानंतरच्या सकाळी दिवा आला नाही.

मला बरं वाटायला हवं होतं. हेच तर मी मागितलं होतं. पण खिडकीतल्या त्या काळोखाकडे बघताना मला धड बसवेना. ऐकलं असेल त्याने? की रुसला असेल? की वाटेत कुठे पडला असेल? फोन केला, नुसता वाजत राहिला. पुन्हा केला, तेच. मग मी गाडी काढली आणि तळ्याला वळसा घालून त्याच्या घरी गेले.

अजून धड उजाडलं नव्हतं. भिंतीशी ज्या जागी त्याच्या स्की उभ्या असतात ती जागा रिकामी. धुराड्यातून धूर नाही. आणि दाराला खराटा तिरपा टेकवलेला.

आमच्याकडे गावात कुलुपं कुणी लावत नाही. बाहेर जाताना दाराला खराटा टेकवून ठेवायचा, म्हणजे घरात कुणी नाही. मग कुणी दार ठोठावत नाही, आत डोकावत नाही. तो खराटा ओलांडणं म्हणजे कुणाच्या खिशात हात घालण्यासारखं. चोरसुद्धा मानतात म्हणतात, आता आमच्याकडे चोर फारसे नाहीत ही गोष्ट वेगळी.

खराटा बघून मला आधी राग आला. म्हणजे गेलाच हा. माझ्याकडे दार उघडणार नाही म्हणून दुसऱ्या बाजूने, जंगलाच्या वाटेने, लांबच्या काठाला गेला असणार. त्या निळ्या ओठांनी. आणि रागाच्या पाठोपाठ भीती आली ती गेलीच नाही. मी रेयोचं दार बडवलं. तो पायजम्यातच बाहेर आला.

"ताइस्तो दिसला?"

"आज दिवा नाही दिसला. मला वाटलं मीच उशिरा उठलो." माझा चेहरा बघून तो कपडे चढवून आला. त्याने बर्फावर चालणारी स्नोमोबाइल काढली, मी मागे बसले, आणि आम्ही तळ्यावर गेलो. दुकानदाराला फोन केला, त्याने आणखी दोघांना उठवलं. थोड्या वेळाने सगळ्या तळ्यावर दिवे फिरायला लागले, सगळे त्याच्यासाठी.

मी बर्फाचा एकेक उंचवटा बघत होते. उंचवटा दिसला की वाटायचं हाच. रेयो गाडी थांबवायचा, मी उतरून पायाने बर्फ उकरायची, खाली दगड निघायचा किंवा वाहून आलेला ओंडका. लांबच्या काठापर्यंत गेलो. जंगलाची वाट पाहिली. सगळीकडे रात्रीचं बर्फ जसंच्या तसं, नुसती एका सशाची पावलं.

"हेल्वी," रेयो म्हणाला, "इथून कुणी गेलेलं नाही."

"रात्रीच निघाला असेल तर? वरून बर्फ पडून माग बुजला असेल."

त्याने गाडी परत वळवली. म्हणजे त्यालाही तेच वाटत होतं, आणि तसं असेल तर आता शोधायची घाई उरली नव्हती. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, मी त्याला बर्फात मर म्हटलं होतं.

परत त्याच्या अंगणात आलो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. मी खाली उतरले आणि उभी राहिले, कारण आता पुढे कुठे जायचं ते कळेना. तेव्हा मला खराटा नीट दिसला. त्याच्यावर बर्फाची जाड टोपी बसली होती. म्हणजे तो रात्रीच्या बर्फाच्या आधीपासून तिथे होता. पायरीवरही पावलं नाहीत. मी घराच्या बाजूने फिरले. सगळ्या खिडक्यांच्या काचा स्वच्छ होत्या, फक्त झोपायच्या खोलीची काच आतून पांढरीफटक गोठलेली.

आमच्याकडे लहान पोरालाही हे कळतं. गार, रिकाम्या घराची काच स्वच्छ राहते. गार घरात कुणी श्वास घेत असेल तरच ती अशी आतून गोठते. निदान घेत होता तोवर.

"रेयो, आत आहे तो."

"खराटा आहे ना दाराला," रेयो म्हणाला. बिचारा खरंच अडखळला. माणूस मरतोय की जगतोय ते माहीत नाही आणि हा खराट्याकडे बघत उभा. मी लाथेने खराटा उडवला आणि आत शिरले.

घर बाहेरच्याइतकंच गार होतं. मागच्या सौनाच्या दाराशी त्याचे ओले बूट, आणि तिथेच आत आणून उभ्या केलेल्या स्की. मला सगळं कळलं. पुढच्या दाराला खराटा लावून, स्की लपवून हा मागून आत आला होता. धूर दिसू नये म्हणून चूल पेटवली नव्हती. त्याच्या घरावरून रोज गावातले पाच-सहा जण स्कीवर जातात, त्यांना कळू नये म्हणून. तो विश्रांती घेत होता, लपून, चोरासारखा, उणे वीस अंशांत.

खोलीच्या दारात माझे पाय थांबले. तो पलंगावर उताणा होता. कोट, टोपी, दोन पांघरुणं, आणि हात छातीवर. वडील अगदी असेच होते. किती वेळ तशी उभी राहिले माहीत नाही. मग त्याच्या नाकाशी वाफ दिसली.

"दार लाव," तो डोळे न उघडता म्हणाला. "गारठा येतो."

मी पलंगाच्या कडेला बसले आणि रडायला लागले. आमच्या घरात हेही कुणी करत नाही. त्याने डोळे उघडले. दाढीचे पांढरे खुंट, डोळे खोल गेलेले.

"तुम्ही दोघीच म्हणत होतात ना, पडून राहा."

"खराटा कशाला लावलास, मूर्खा? अख्खं गाव तळ्यावर तुझं प्रेत शोधतंय."

हे त्याला अपेक्षित नव्हतं. "परवा... काल, परत येताना मध्यावर खाली बसलो," तो म्हणाला. "उठता येईना. तेव्हा कळलं, बाई खरं बोलत होती. म्हटलं, आता पडायला हवं. पण लोकांनी बघितलं असतं."

"बघितलं असतं तर काय झालं असतं?"

"काय म्हणाले असते?"

"म्हणाले असते ताइस्तो आजारी आहे. आणखी काय म्हणणार?"

त्याने यावर विचार केल्यासारखं केलं. मग हळू म्हणाला, "झोपलो नाही मी. रात्रभर. आडवा होतो आणि डोळे मिटायला लागले की उठून बसतो. आत्ता कुठे..." पुढचं मला सांगायची गरज नव्हती. ज्या पोराने बाकाशी बसून हात ओढला होता, तोच अजून तिथे बसलेला होता.

मी चूल पेटवली. रेयोने, न सांगता, लाकडं आणून टाकली. मी फोन केला तशी मार्केत्ता आपल्या गाडीतून यंत्र घेऊन आली, तारा लावल्या, कागद डॉक्टरला पाठवला, फोनवर बोलली. छातीत दुखतं का? नाही. श्वास अडतो का? पडल्यावर नाही. "नशीबवान आहेस," ती त्याला म्हणाली. "काल आणखी एक फेरी मारली असतीस तर मी आज कागद काढायला आले नसते. आता इथेच ऊब करून राहा. कुणीतरी जवळ हवं. दुखलं किंवा दम लागला की लगेच मला फोन, दवाखान्यात नेऊ. नाहीतर झोप. तुझं औषध तेच आहे, दुसरं माझ्याकडे नाही." जाताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिलाही झोप मिळालेली दिसत नव्हती.

खोलीत हळूहळू ऊब आली. काचेवरचं बर्फ वितळून पाणी खाली यायला लागलं आणि बाहेरचा उजेड आत आला. ताइस्तोने तो उजेड पाहिला.

"हेल्वी, तू आहेस ना इथे?"

"कुठे जाणार?"

"मी झोपतो मग," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, भिंतीकडे तोंड करून, "उजेड जायच्या आत मला उठव. नक्की उठव."

"उठवते."

"विसरशील."

"ताइस्तो, झोप."

तो झोपला. दिवसा, भर उजेडात, माझ्या डोळ्यांदेखत. मी खुर्ची पलंगाशी ओढून बसले आणि त्याच्या पांघरुणाकडे बघत राहिले, वर जातंय का, खाली येतंय का. दुपारी दारावर हलकी टकटक झाली. दुकानदार आणि ते दोघं, टोप्या हातात धरून. रेयोने बाहेर त्यांना काय सांगितलं देव जाणे.

"कसा आहे?" दुकानदाराने विचारलं.

"झोपलाय."

"दिवसा?" तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. मग मला कळलं त्याला काय वाटलं ते. मी म्हटलं, "जिवंत आहे. टोपी घाल डोक्यावर. आजारी आहे आणि झोपलाय, आणि हे तू दुकानात सगळ्यांना सांग." त्याने मान हलवली. गोड पावांची पिशवी माझ्या हातात दिली आणि ते पाय न वाजवता गेले.

उजेड कमी व्हायला लागला. तळ्यापलीकडची झाडं काळी झाली. मला त्याला उठवायचं होतं आणि हात पुढे जाईना, कारण गेली काही मिनिटं मला पांघरूण हलताना नीट दिसत नव्हतं. मी म्हटलं, "ताइस्तो." उत्तर नाही. मी थोडं मोठ्याने म्हटलं, "ताइस्तो, उजेड जातोय. ऊठ." तो निश्चल. मी त्याचा खांदा धरला आणि हलवला.

"पहिल्याच हाकेला ऐकलं मी," तो म्हणाला, डोळे मिटलेलेच. त्याने माझा हात हळूच बाजूला केला आणि पांघरूण कानावर ओढून घेतलं. "जरा पडू दे अजून."